मशीन एक, हेल्मेट दोन

“ताई, पोट्ट्याले वेल्डिंगची मशीन घ्याची हाय. पन्नास हजार पाह्यजेत.”

बचत गटाच्या बैठकीत मावशींनी असं सांगितलं आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. शेळ्या, शिलाई मशीन, पापड-शेवयांचं यंत्र, दवाखाना, मुलीचं लग्न, अशा कर्जांची आम्हाला सवय आहे. वेल्डिंगची मशीन पहिल्यांदाच आली. गटाच्या खात्यात तेव्हा होते बासष्ट हजार. त्यातले पन्नास एकीला दिले की बाकीच्यांनी वर्षभर हात बांधून बसायचं.

मावशींचा मुलगा आयटीआय झालेला. चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, पोरगा गावी परत आला. देवळी तालुक्यातलं त्यांचं गाव, तीन एकर कोरडवाहू शेती, नवरा नाही. घरी सोळा-सतरा वर्षांची मुलगी. “घरीच अंगणात काम सुरू करतो म्हन्ते. गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड. मले त्यातलं काई समजत नाई. दुकानवाला म्हन्ते गॅसचीच घ्या, आता सगळे तेच घेतेत. तुमी शिकलेल्या, तुमीच पाहा.”

आता मी शिकलेली म्हणजे काय, तर मराठी वाङ्मय घेऊन बीए. वेल्डिंग मी पाहिलं ते रस्त्याच्या कडेला, तेही “तिकडे बघू नको, डोळे जातील” असं मुलांना दटावत. पण पैसा बारा बायकांचा होता. न समजता सही करायची नाही, असं मीच त्यांना दहा वर्षं शिकवत आले. मग मलाच आधी समजून घेणं भाग होतं.

आधी कापड, मग मशीन

मावशी, त्यांचा मुलगा आणि मी, तिघं आधी आर्वी नाक्याजवळच्या एका ग्रिलवाल्याकडे गेलो आणि मग आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे. दुकानदाराची चिठ्ठी मी त्यांच्यापुढे ठेवली. गॅसवर चालणारी मिग मशीन, सिलिंडरचं डिपॉझिट, रेग्युलेटर, वायरचं रीळ. सरांनी चिठ्ठी बाजूला सारली आणि मुलाला विचारलं, “तू जोडणार काय आहेस, ते सांग.”

मैत्रिणींनो, तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण शिलाई मशीन घेताना हेच तर विचारतो! ब्लाउज शिवायचे, की गोधड्या, की ताडपत्री? कापडावरून सुई ठरते, सुईवरून मशीन. वेल्डिंग म्हणजे लोखंडाची शिवणच. कारागीर आधी दोन-तीन ठिकाणी जोडून घेतात त्याला टॅक मारणं म्हणतात. म्हणजे आपले कच्चे टाकेच की!

मुलानं यादी सांगितली. कूलरचे स्टँड, चौकोनी पाइपची गेटं, गोठ्याचे खांब, आणि हंगामात डवरे-वखरांची दुरुस्ती. कधीमधी कूलरची पत्र्याची बॉडी. सर म्हणाले, “दहातली आठ कामं दोन मिलिमीटरच्या वरच्या जाडीची आहेत. त्यांना गॅस लागत नाही.”

मशीन मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली कांडीची, म्हणजे वेल्डिंग रॉडची. रॉड चिमट्यात धरायचा, टेकवायचा, ठिणगी पेटते, रॉड वितळत जातो. दुसरी मिग. हिच्यात रॉडऐवजी रिळावरून बारीक तार आपोआप पुढे येत राहते आणि नळीतून गॅस येतो. पातळ पत्र्याला ही उत्तम, काम झपाट्यानं होतं, शिकायलाही सोपी. तिसरी टिग. स्टीलच्या रेलिंगला, नाजूक सुबक कामाला. सावकाश चालते, हात बसावा लागतो.

कांडीच्या मशीनमध्येही दोन घराणी आहेत. जुनी, तांब्याच्या वेटोळ्याची, दोन माणसांनी उचलावी अशी जड. टिकायला दणकट, पण वीज खाते. आणि नवी इन्व्हर्टरची, खांद्याला अडकवून नेता येते अशी हलकी. वीज कमी घेते, ठिणगीही स्थिर राहते. पण आत इलेक्ट्रॉनिक पाट्या असतात. त्या बिघडल्या तर दुरुस्त करणारा जवळ आहे का, हे आधी विचारायचं.

हा गॅस शेगडीचा नव्हे

गॅस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वयंपाकाचा लाल सिलिंडर येतो. मावशींच्याही आला. “घरचं सिलिंडर चालन का?” त्यांनी भाबडेपणानं विचारलं. अजिबात नाही! शेगडीचा गॅस जळतो. वेल्डिंगचा हा गॅस जळतच नाही. त्याचं काम राखणदारीचं आहे.

लोखंड वितळतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यात शिरतात. मग जोड थंड झाल्यावर आत जाळी पडते, जोड कच्चा राहतो. ढोकळ्याला जाळी पडली तर आपण खुश होतो, पण गेटच्या बिजागरीला पडली तर गेट पायावर येतं. म्हणून वितळलेल्या जागेवर गॅसचं पांघरूण घालायचं. हवा बाहेर, लोखंड आत सुरक्षित.

मग कांडीच्या मशीनला गॅस का लागत नाही? कारण रॉडवर जो राखाडी लेप असतो, तोच जळून धूर करतो आणि हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप जोडावर पापुद्रा होऊन बसतो, तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. थंड झाल्यावर हातोडीनं टकटक करून तो काढायचा. सांगायचं काय, तर प्रत्येक रॉड आपला गॅस अंगावर घेऊनच येतो. फक्त तो लेप पावसाळ्यात ओल धरतो. म्हणून रॉड पापडासारखे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे.

मिगसाठी दोन गॅस चालतात. एक सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपल्या सोड्यातला. तो स्वस्त, जोड खोलवर बसवणारा, पण ठिणग्या आणि शिंतोडे फार. मग घासायला वेळ जातो. दुसरा आर्गन. तो महाग, पण शांत. मात्र साध्या लोखंडाला मिगमध्ये नुसता आर्गन नीट बसत नाही. जोड वर उंचवटा करून राहतो, आत शिरत नाही. म्हणून ८० टक्के आर्गन आणि २० टक्के सीओटू असं मिश्रण वापरतात. टिगला मात्र शुद्ध आर्गनच हवा. आणि स्टीलच्या कामाला नुसता सीओटू वापरू नये. जोडाजवळ स्टीलची गंज न धरण्याची ताकद कमी होते.

आता हिशेब. आर्गनचा मोठा सिलिंडर सात घनमीटरचा, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटर धरले तर ७०० मिनिटं, साधारण साडेअकरा तास. सीओटूच्या एका किलोतून सुमारे ५४० लिटर गॅस निघतो. म्हणजे ३० किलोचा सिलिंडर त्याच वेगानं २७ तासांच्या आसपास चालतो. हे तास ठिणगी पेटलेली असतानाचे, मापं घेण्याचे नाहीत. सीओटू आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा आत पातळ रूपात असतो. म्हणून काट्यावरचा दाब शेवटपर्यंत तेवढाच दिसतो आणि मग एकदम संपतो. तो वजन करूनच घ्यावा. आर्गनचा काटा मात्र हळूहळू खाली येतो, त्यावरून शिल्लक कळते.

आणि एक गंमत सरांनी सांगितली. गॅसचं पांघरूण वाऱ्यानं उडतं. उघड्या अंगणात झुळूक आली की जोडाला भोकं. “मे महिन्यात तू पंख्याशिवाय बसणार आहेस का?” त्यांनी मुलाला विचारलं. आमच्या वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कूलरसमोर बसून गॅसचं वेल्डिंग होत नाही, आणि बंद खोलीत करू नये. सीओटू आणि आर्गन दोन्ही हवेपेक्षा जड. आर्गनला तर वासही नाही, रंगही नाही. बंद जागेत साचले तर खोलीतला प्राणवायू कमी होतो आणि माणसाला कळायच्या आत भोवळ येते. म्हणून सिलिंडर झोपायच्या खोलीत, देवघराशेजारी, पलंगाखाली कुठंही नको. उभा, साखळीनं बांधलेला, मोकळ्या हवेत आणि सावलीत. रंगावरून गॅस ओळखायला जाऊ नका, चिठ्ठी वाचा, आणि सिलिंडरवर खोदलेली तपासणीची तारीखही बघा.

गॅसशिवाय चालणारी मिगची तारही मिळते. तिच्या पोटात रॉडसारखाच मसाला भरलेला असतो. वाऱ्यात ती चालते, पण धूर जास्त आणि तार महाग. ही तार वापरताना मशीनच्या आतली प्लस-मायनसची जोडणी बदलावी लागते. घ्यायची असेल तर मशीनमध्ये ती सोय आहे का, हे विचारून घ्या.

घरचं मीटर आणि मेचं ऊन

मशीनवर मोठ्या अक्षरात “२००” लिहिलेलं असतं, कधी “२५०”. ते अ‍ॅम्पिअर. आकडा मोठा म्हणजे मशीन चांगली असं आपण समजतो. पण घरगुती कामाला लागतो अडीच मिलिमीटरचा रॉड, त्याला ६० ते ९० अ‍ॅम्पिअर पुरतात. सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या जाड रॉडला ९० ते १३०. मशीन खरोखरीची दोनशेची असेल तर भरपूर झाली.

मोठ्या आकड्याच्या शेजारी एक बारीक आकडा असतो, टक्क्यांत. त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. आणि हा आकडा ४० अंश उष्णतेत मोजलेला असतो. आमच्याकडे पारा ४५ला टेकतो तेव्हा मशीनलाही जास्त विसावा लागतो. ज्या मशीनवर हा आकडाच छापलेला नाही, ती घेऊ नका.

विजेचं तर आधी बघायचं. घराच्या साध्या सॉकेटमध्ये वेल्डिंग मशीन लावायची नाही. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, आणि चांगलं अर्थिंग. आपल्या जोडणीचा मंजूर भार किती, तो वाढवावा लागेल का, धंद्यासाठी वापर केला तर दर कोणता लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावं. गावात मोटरपंप सुरू झाले की दाब उतरतो आणि इन्व्हर्टर मशीन आपोआप बंद पडते. दुकानात छान चालली म्हणून घरी चालेलच असं नाही. म्हणून विकत घेण्याआधी कुणाची तरी तशीच मशीन मागून आणून, आपल्याच अंगणात, आपल्याच विजेवर चालवून बघावी.

मगनवाडीवरून जाताना

परत येताना मगनवाडीवरून आलो. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय तिथं आहे. मी कितीदा शाळेच्या मुलांना घेऊन तिथं गेलेय. त्या दिवशी मला एक जुनी गोष्ट आठवली.

गांधीजी वर्ध्याला यायच्या आधीची. १९२९ साली चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. तेव्हाचे लाख रुपये! त्याच्या अटी बघा. खेड्यातल्या बाईला आपल्या घरात आठ तास फारसं न दमता तो चालवता यावा. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावा. आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्या किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा गेला होता. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

पण अटी माझ्या मनात राहिल्या. घरात यंत्र आणायचं तर नुसती किंमत विचारायची नाही. चालवणाऱ्याला झेपेल का? टिकेल किती? दरवर्षी खाईल किती? गॅसची मशीन वाईट नाही हो. पण ती रोज चालली तरच सिलिंडरचं भाडं, डिपॉझिट, भरून आणायच्या खेपा निघतात. महिन्यातून चार गेटं करणाऱ्या पोरासाठी तो सिलिंडर म्हणजे दारी बांधलेली भाकड म्हैस.

रात्री साडेअकराचा फोन

निर्णय जवळजवळ झाला होता. मुलानं मित्राकडून मशीन मागून आणली आणि शेजारच्या एका गेटचं काम केलं. त्याच रात्री साडेअकराला फोन. मावशी रडत होत्या. “पोरीचे डोळे फुटते की काय व ताई! वाळू गेल्यावानी करते, डोळेच उघडत नाई.”

झालं होतं असं, की भावानं चेहऱ्यापुढे काळ्या काचेचा पडदा धरला होता. बहीण मात्र अँगल सरळ राहावा म्हणून दोन्ही हातांनी धरून समोर बसली होती. दुपारी काहीच झालं नाही. हे दुखणं असंच असतं, सहा ते बारा तासांनी वर येतं. ठिणगीतल्या अतिनील किरणांनी डोळ्याचं वरचं पातळ आवरण भाजतं. बहुधा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण पुन्हा पुन्हा झालं तर डोळ्यांना धोका.

शेजारणी जमल्या होत्या. एकीनं बटाट्याचे काप आणले, दुसरी म्हणाली बाळंतिणीचं दूध घाला. मी फोनवर ओरडलेच, “काही घालू नका! चोळू नका! थंड पाण्याची स्वच्छ पट्टी बंद डोळ्यांवर ठेवा आणि सकाळी उठल्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.” डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत पोरगी बरी झाली.

मला मात्र झोप लागली नाही. दुकानदाराच्या चिठ्ठीत हेल्मेट एक होतं. आमच्या हिशेबातही एकच होतं. मशीन चालवणाऱ्याचा विचार सगळ्यांनी केला, अँगल धरणारीचा कुणीच नाही. आणि घरच्या धंद्यात अँगल धरणारी कोण असते? बहीण, बायको, आई. पगार नाही, नाव नाही, आणि डोळ्यांवर काचही नाही.

त्या दिवसापासून माझी यादी उलटी झाली. आधी माणसं, मग मशीन. दोन हेल्मेट, १० किंवा ११ नंबरच्या काळ्या काचेची. उन्हाचा गॉगल चालत नाही. कातडी हातमोज्यांचे दोन जोड. अंगावर सुती, जाडंभरडं कापड, खादीसुद्धा उत्तम. नायलॉनच्या साडीवर ठिणगी पडली तर ती वितळून अंगाला चिकटते. पदर, ओढणी खोचलेली. लहान मुलं लांब.

कूलरच्या पत्र्याचंही सांगते. त्याला जस्ताचा मुलामा असतो. तो जळाला की पांढरा धूर निघतो आणि नाकात गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही समजूत खोटी. जोडाच्या जागचा मुलामा आधी घासून काढावा, धूळही नाकात जाऊ देऊ नये, आणि काम उघड्यावर करावं.

आणि आपल्या जिल्ह्याची खास काळजी म्हणजे कापूस. भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर आपण घरं कापसानं भरून ठेवतो, मागे पऱ्हाटीचे ढीग असतात. ठिणगी कित्येक फूट उडते आणि कापसात तासन्‌तास धुमसत राहते. कापूस घरात असेल तितके दिवस अंगणातलं वेल्डिंग बंद, किंवा जागा दूर. पाण्याची बादली, वाळूची घमेली जवळ. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. आणि डिझेलचा रिकामा ड्रम कुणी कितीही गळ घातली तरी जोडायचा नाही. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

चोवीस हजार

पुढच्या बैठकीत मी नवी यादी वाचली. इन्व्हर्टरची कांडीची मशीन साडेसात हजार. ग्राइंडर आणि कापायची मशीन. वेगळी वायर, एमसीबी, अर्थिंग. दोन हेल्मेट, दोन जोड हातमोजे. रॉडचे पुडे आणि पहिल्या कामाचं लोखंड. एकूण चोवीस हजार. हे आमच्या वेळचे भाव, तुमच्या गावात कमी-जास्त असतील. बायकांनी एकच प्रश्न विचारला, “दोन हेल्मेट कायले?” मावशींनीच उत्तर दिलं. मग कुणी काही बोललं नाही. ठराव झाला.

याला आता आठ महिने झाले. पावसाळ्यात दोन हप्ते चुकले, नंतर भरले. मुलाला गॅसच्या मशीनची ओढ अजून आहे. मी नाही म्हणत नाही. कूलरच्या बॉडीचं काम हंगामात पुरेसं मिळतंय हे वहीत दिसू दे, मग स्वतःच्या कमाईतून घे, एवढंच सांगितलंय. वही त्याची बहीण लिहिते.

गेल्या आठवड्यात गेले तर पडवीच्या खुंट्यांवर दोन्ही हेल्मेट शेजारी शेजारी टांगलेली होती. पोरीनं तुळशीसाठी केलेलं लोखंडी स्टँड दाखवलं. “काकू, हे मी जोडलं. भावानं फक्त धरलं.”

जोड थोडा वाकडा होता. मी हलवून पाहिला. पक्का होता.